झोप उडाली की घर जागं करावं

पोरी,

परवा फोनवर तू तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारत होतीस, जावईबापूंना हे पुन्हा होईल का? खरं उत्तर देते. होऊ शकतं. बायपोलरमध्ये ज्याला एकदा मॅनिया झाला, त्याला पुढे कधीतरी पुन्हा मॅनिया किंवा नैराश्य येण्याची शक्यता बरीच असते. पण ते किती लवकर ओळखलं जातं, किती वाढू दिलं जातं आणि जाताना घराचं किती नुकसान करून जातं, यातलं पुष्कळसं आपल्या हातात असतं. तुझ्या काकांबरोबरचा माझा सगळा संसार या आजाराच्या सोबतीने झाला. मुलं शिकली, घराचं कर्ज फिटलं, काका मानाने निवृत्त झाले, आणि आजही रात्रीचं जेवण झालं की स्वतःच्या हाताने लिथियमची गोळी घेतात. तेव्हा धीर धर आणि नीट वाच.

यादी केल्याशिवाय तू भाजीलाही जात नाहीस, म्हणून आकडे घालून देते. जावईबापूंपासून हे लपवू नकोस. आता ते बरे आहेत, त्यांनाही वाचू दे. यातलं निम्मं त्यांच्याचसाठी आहे.

१. मूडपेक्षा झोपेवर लक्ष ठेव — मूड माणूस चार दिवस झाकू शकतो, झोप झाकता येत नाही.

२. तीन तास झोपून सकाळी डोळे चोळत, कुरकुरत उठले तर ते साधं जागरण. तीन तास झोपून ताजेतवाने, अंघोळ आटोपून कपाट आवरायला लागलेले दिसले तर कान टवकार — मॅनियात माणसाला झोपेची गरजच वाटेनाशी होते.

३. अशा सलग दोन रात्री गेल्या की डॉक्टरांना फोन कर, तिसरीची वाट बघू नकोस — झोप तुटली की मॅनिया चढतो, आणि मॅनिया चढला की झोप आणखी तुटते. आमच्या घरात म्हणच पडली आहे, झोप उडाली की घर जागं करावं.

४. काय बोलतात त्याआधी किती वेगाने बोलतात ते ऐक — एका विषयावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर, आणि मध्ये कुणी तोंड उघडलं की राग, हे दिसलं तर मजकूर कितीही हुशारीचा असला तरी सावध व्हायचं.

५. मॅनिया म्हणजे हसणं-नाचणंच असतं असं धरून चालू नकोस — कित्येकांचा मॅनिया चिडचिडीतून येतो. शांत माणूस अचानक वॉचमनशी, बँकेतल्या मॅडमशी, सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडायला लागला तर त्याचा स्वभाव बिघडला असं ठरवण्याआधी तो रात्री किती झोपला ते बघ.

६. रात्री दोन वाजता शाळेतल्या मित्रांना फोन, ग्रुपवर मेसेजवर मेसेज, एका दिवसात दोन नवे धंदे आणि एक पुस्तक लिहायचा बेत, हे सगळं एकाच आठवड्यात आलं तर तारखेसह लिहून ठेव — डॉक्टरांना ‘हल्ली जरा वेगळे वागतात’ यापेक्षा तारखा जास्त उपयोगी पडतात.

७. निदानाच्या नियमात मॅनियाला एक आठवडा आणि त्याच्या सौम्य रूपाला, म्हणजे हायपोमॅनियाला, चार दिवस धरतात. तो हिशोब डॉक्टरांचा — तू फोन करायला आठवडा भरू द्यायचा नाहीस.

८. जावईबापूंची स्वतःची पहिली खूण कोणती, ते दोघांनी मिळून शोधा — ती प्रत्येकाची वेगळी असते, पण एकाच माणसाची बहुधा तीच राहते. तुझे काका बोलायला सुटण्याच्या कितीतरी आधी घरातल्या सगळ्या घड्याळांची वेळ लावत बसतात. मला घड्याळ काढलेलं दिसलं की मी डॉक्टरांचा नंबर काढते.

९. आणि हो, प्रत्येक हसण्याला आजार म्हणू नकोस. बढती मिळाली, मॅच जिंकली, माणूस खूश होणारच — आनंद रात्री झोपतो, मॅनिया झोपत नाही.

आता एक गोष्ट जरा सावकाश सांगते, कारण सगळी भांडणं इथेच होतात. मॅनिया चढायला लागला की आपण आजारी आहोत हे कळण्याची शक्तीच आधी मंदावते. ‘मी ठणठणीत आहे, उलट आयुष्यात पहिल्यांदा मला सगळं स्वच्छ दिसतंय’ असं माणूस म्हणतो तेव्हा तो तुला फसवत नसतो, त्याला खरंच तसं वाटत असतं. काहींना तर आपल्याला दैवी शक्ती मिळाली आहे, मोठमोठे लोक आपल्या सल्ल्यासाठी थांबले आहेत, किंवा कुणीतरी आपल्या वाईटावर आहे, असंही पक्कं वाटायला लागतं. अशा वेळी तू पुरावे मांडलेस तर तू शत्रूपक्षात जमा होतेस. म्हणून जे काही ठरवायचं ते बऱ्या दिवसांत, दोघांनी मिळून, कागदावर. आम्ही कोकणातली माणसं, आम्हाला हे लहानपणापासून ठाऊक असतं की पावसात घर शाकारता येत नाही. शाकारणीची कामं आता सांगते. या दिवसांत बाकी काही राहिलं तरी चालेल, एवढं मात्र करून घे.

१०. एका शांत रविवारी बसून जावईबापूंकडूनच एक कागद लिहून घे: माझी पहिली खूण ही, ती दिसली की डॉक्टरांना फोन बायको करेल, कार्ड अमुक माणसाकडे जाईल, दाखल व्हायची वेळ आली तर इथे नेलेलं चालेल, अमुक औषध मला सोसत नाही — दुसऱ्याने लिहिलेला नियम जाचतो, स्वतःच्या अक्षरातला जरा तरी ऐकावासा वाटतो. बऱ्या दिवशी लिहावं, वाईट दिवशी वाचावं.

११. याच कागदाला कायद्याचा आधारही आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ प्रमाणे कोणाही सज्ञान माणसाला आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत हे आगाऊ लिहून ठेवता येतं, आणि आपल्या वतीने बोलणारी व्यक्ती साध्या कागदावर सही करून नेमता येते — मग ऐन वेळी सासरे, दीर आणि तू यांच्यात ‘कोण ठरवणार’ हा तंटा उभा राहत नाही.

१२. तो मान तुलाच मिळाला पाहिजे असं मनात धरू नकोस. जावईबापूंनी बहिणीला किंवा मित्राला नेमलं तर रुसू नकोस — मॅनियात बायकोचं ऐकणं सगळ्यात आधी सुटतं, जुन्या मित्राचं सगळ्यात शेवटी.

१३. पैशांची व्यवस्था आता कर. यूपीआयची रोजची मर्यादा कमी करून ठेवा, क्रेडिट कार्डाची मर्यादा बँकेत सांगून खाली आणा, कर्ज देणारी आणि शेअरचे सौदे करणारी ॲप फोनमधून काढा — पूर्वी दुकान बंद झालं की खर्च थांबायचा, आता रात्री तीन वाजताही हातात बाजार असतो.

१४. ठरावीक रकमेच्या वरचा कोणताही खर्च दोन रात्री झोपून मगच करायचा, हा नियम दोघांनाही लाव, एकट्या जावईबापूंना नको — मोठ्या खरेदीला दोन सकाळी दाखवाव्यात, हे निरोगी माणसालाही भल्याचंच आहे. तुझ्या त्या साड्यांच्या प्रदर्शनांनाही हाच नियम, बरं का.

१५. घराचे, जमिनीचे कागद आणि दागिने दोघांच्या सहीशिवाय निघणार नाहीत असे ठेव — एका उत्साही दुपारी केलेली सही निस्तरायला कोर्टात वर्षं जातात.

१६. एक फाईल कर: चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट, कोणतं औषध कधी सुरू झालं, कधी बदललं, का बदललं — तातडीच्या वेळी नवा डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतो आणि तेव्हाच आपल्याला गोळीचं नाव आठवत नाही.

१७. जावईबापूंनी रोज एक ओळ लिहावी: किती तास झोप, मन कसं, गोळी घेतली का. लिहायचं त्यांनीच, तू तपासायचं नाहीस — आपल्या आजारावर आपलीच नजर असली की माणसाला आपण पहाऱ्यात असल्यासारखं वाटत नाही.

आता गोळ्या. इथे मी जरा कडक होणार आहे, सहन कर.

१८. बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करायची नाही — बरं वाटतंय ते बहुतेक गोळीमुळेच. लिथियम अचानक सोडलं तर मॅनिया उलटून येण्याचा धोका फार वाढतो. कमी करायचं असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू.

१९. ‘एवढं जुनं औषध?’ असं कुणी म्हणालं तर म्हणू दे. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड नावाच्या डॉक्टरांनी १९४९ साली मॅनियावर लिथियमचा गुण दाखवला आणि आजही ते या आजारातल्या पहिल्या फळीतल्या औषधांत आहे — मॅनिया परत येणं तर ते अडवतंच, आत्महत्येचा धोकाही कमी करतं.

२०. पुस्तकातलं पटत असेल तर जावईबापूंना के रेडफिल्ड जेमिसन यांचं ‘ॲन अनक्वाएट माइंड’ वाचायला दे. बाई स्वतः या आजारातल्या तज्ज्ञ आणि स्वतःच बायपोलरच्या रुग्ण; लिथियमशी आपला झगडा कसा चालला हे त्यांनी १९९५ साली उघडपणे लिहिलं — बायकोने सांगितलेलं जाचतं, सोसलेल्या माणसाने सांगितलेलं पटतं.

२१. लिथियमचं रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं — गोळी घेऊन लगेच दिलं तर आकडा खोटाच मोठा दिसतो. नेहमीच्या उपचारात तो साधारण ०.६ ते १.० च्या मध्ये हवा असतो. नेमका किती, ते डॉक्टर ठरवतील.

२२. त्याच्याबरोबर थायरॉइड, मूत्रपिंड आणि कॅल्शियमची तपासणी साधारण सहा महिन्यांनी — लिथियम या तिघांना हळूहळू त्रास देऊ शकतं, आणि वेळेवर कळलं तर बहुतेक वेळा वाट काढता येते.

२३. निर्जळी उपवास नाही, अळणी व्रत नाही. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खुशाल खाऊ देत, पाणी आणि मीठ मात्र रोजच्यासारखं — शरीरातलं पाणी किंवा मीठ कमी झालं की मूत्रपिंडं लिथियम धरून ठेवतात आणि तीच गोळी जास्त होते. उन्हाळ्यात, जुलाब-उलट्यांत हेच होतं. सासूबाईंना हे तू सांगू नकोस, डॉक्टरांच्या तोंडून ऐकव.

२४. गुडघा दुखला म्हणून मेडिकलवाल्याकडून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन परस्पर आणायचं नाही — त्यानेही रक्तातलं लिथियम वाढतं. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनीही वाढतं, म्हणून कोणत्याही डॉक्टरांसमोर बसलं की पहिलं वाक्य, ‘मी लिथियमवर आहे.’

२५. हात जोरजोरात थरथरू लागले, चालताना तोल जाऊ लागला, जीभ जड झाली, उलट्या-जुलाब, गुंगी, तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी रुग्णालय गाठ — ही विषबाधेची लक्षणं असू शकतात, उद्यावर टाकायची नाहीत. नुसती बारीक थरथर आणि थोडी जास्त तहान याचं घाबरू नकोस, पुढच्या भेटीत सांग.

२६. ओलान्झापिन, क्वेटियापिन अशा गोळ्या चालू असतील तर वजन आणि साखर मोजत राहा — भूक वाढते, आणि वजन वाढलं म्हणून माणूस गुपचूप गोळी सोडतो. लॅमोट्रिजिनवर अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव.

२७. कुणा मुलीला हा आजार असेल आणि तिला सोडियम व्हॅल्प्रोएट चालू असेल तर मूल होऊ देण्याचा विचार करण्याच्या कितीतरी आधी डॉक्टरांशी बोलायला सांग — पोटातल्या बाळाला त्यापासून मोठा धोका असतो. बाळंतपणानंतरचे पहिले आठवडेही अशा बाईला फार जपायचे, कारण तेव्हा आजार उसळतो आणि नेमकी तेव्हाच रात्रीची झोप नसते.

२८. नैराश्य आलं म्हणून घरातली उरलेली, किंवा कुणा ओळखीच्याने दिलेली नैराश्याची गोळी द्यायची नाही — बायपोलरमध्ये ती एकटी दिली तर माणूस उलट मॅनियात जाऊ शकतो. दम्यासाठी, सांध्यांसाठी स्टेरॉइड द्यायची वेळ आली तरी आधी मनोविकारतज्ज्ञांना कळवायचं.

२९. चहात, वरणात गोळी लपवून देऊ नकोस, कुणी कितीही सांगितलं तरी — एकदा कळलं की माणूस तुझ्या हातचं जेवायचंही सोडतो, आणि पुढची कित्येक वर्षं तुला त्याच ताटात वाढायचं असतं.

३०. नवस बोल, गोंदवल्याला जा, दर्ग्यात चादर चढव, मी तुला अडवणार नाही, गोळ्यांचा डबा पिशवीत असला म्हणजे झालं. पण ‘बाहेरची बाधा आहे’ म्हणून कुणी उपाशी ठेवायला, बांधायला किंवा मारायला सांगितलं तर तिथून त्याच पावली परत फीर — तो आजार आहे, आणि आजाराला मारून कुणी बरं केलेलं नाही.

३१. सणांचं वेळापत्रक झोपेभोवती बसव. गणपतीत आरती मनापासून, पण विसर्जनाची रात्रभराची मिरवणूक नको. नवरात्रात गरबा दहापर्यंत. लग्नात सकाळचा मुहूर्त असेल तर आदल्या रात्री हळदीचा डीजे सोडून खोलीत — सलग दोन जागरणं बायपोलरला पुरेशी होतात. रात्रपाळीची नोकरी असेल तर बदलून घ्यायचा प्रयत्न करा. परदेशात जायचं असेल तर विमानातल्या आणि तिथल्या झोपेचं आधी डॉक्टरांना विचारा.

एवढं सगळं करूनही एखाद्या वर्षी मॅनिया चढू शकतो. तेव्हा स्वतःला दोष देत बसू नकोस, पुढचं वाच.

३२. वाद घालायचा नाही, कबूलही व्हायचं नाही. छोटी वाक्यं, खालचा आवाज — त्यांच्या वेगाला तुझा वेग मिळाला की दोन्ही वाढतात. रागाला उत्तर उद्या.

३३. ‘तुला पुन्हा ते झालंय’ असं म्हणू नकोस. ‘तुझी तीन रात्री झोप झाली नाही, मला काळजी वाटते, झोपेसाठी तरी डॉक्टरांकडे जाऊ या’ असं म्हण — आजार त्यांना पटत नाही, झोप नाही हे पटतं. पुष्कळ घरांत माणूस डॉक्टरांच्या दारात याच एका वाक्याने पोचला आहे.

३४. पाहुणे, टीव्ही, मोठे दिवे, सगळं कमी. चहा-कॉफी दुपारनंतर बंद, दारू-गांजा अजिबात नाही — मेंदू आधीच तापलेला असतो.

३५. गाडीच्या किल्ल्या आधी ताब्यात घे, मग बाकीचं बोल — पैसा परत मिळवता येतो, अपघात परत घेता येत नाही.

३६. मुलांना सांग, ‘बाबाला बरं नाही, औषधाने बरं होईल, आणि हे तुझ्यामुळे झालेलं नाही’ — काही सांगितलं नाही की मुलं सगळा दोष स्वतःकडे घेतात.

३७. हात उगारला गेला तर क्षणभरही थांबायचं नाही, मुलांना घेऊन बाहेर पड आणि ११२ ला फोन कर. या आजाराची बहुतेक माणसं कुणाला मारत नाहीत, पण बायकोने आजार म्हणून मार सोसावा असं सांगणाऱ्याचं ऐकू नकोस, मग ती तुझी आई असली तरी — तू सुरक्षित असशील तरच उद्या त्यांच्यासाठी उभी राहशील.

३८. दाखल करावं लागलं तर तो पराभव समजू नकोस. मॅनिया जोरात असेल तर घरी चार माणसांनी धरून ठेवण्यापेक्षा रुग्णालयात औषधाने झोप लागलेली बरी — पहिल्या काही शांत रात्रींनंतरच माणूस बोलण्याजोगा होतो.

३९. जावईबापूंची संमती नसताना दाखल करायचं तर त्याच २०१७ च्या कायद्याने ठरवलेली रीत आहे: नेमलेल्या व्यक्तीने अर्ज करायचा, एक मनोविकारतज्ज्ञ आणि आणखी एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर यांनी स्वतंत्र तपासायचं, आणि हा मुक्काम सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवसांचा. पुढे ठेवायचं तर पुन्हा तपासणी आणि या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य मंडळाची परवानगी. रुग्णालाही मंडळाकडे दाद मागता येते — पुढे बरे झाल्यावर ‘मला डांबलंत’ असं म्हणाले तर तुझ्याकडे कागद असतो आणि त्यांच्याकडे हक्क.

४०. साखळीने बांधायला या कायद्याने बंदी आहे, आणि भूल दिल्याशिवाय शॉक द्यायलाही. डॉक्टरांनी ईसीटी, म्हणजे शॉकचा उपचार, सुचवली तर सिनेमातलं दृश्य डोळ्यांपुढे आणू नकोस, प्रश्न विचार — भूल देऊन दिलेली ईसीटी औषधांना न जुमानणाऱ्या आजारात उपयोगी पडते.

४१. खासगी परवडत नसेल तर संकोच न करता सरकारी दवाखान्यात जा. जिल्हा रुग्णालयात आणि मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग असतो. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, गोव्यातली संस्था बांबोळीला. नेण्यासाठी १०८ — आणि विमा असेल तर पॉलिसी उघडून बघ, मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं हे विमा कंपन्यांना २०१७ च्या कायद्याने सांगितलं आहे.

४२. मध्यरात्री कुणाशी बोलावं कळेना तर १४४१६. टेली-मानस ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत — तुला विचारायचं असेल तरी कर, रुग्णच बोलला पाहिजे असं नाही.

मॅनिया उतरला की घरच्यांना हायसं वाटतं आणि सगळे आपापल्या कामाला लागतात. तू लागू नकोस. पोरी, या आजारात मला सगळ्यात जपावेसे वाटतात ते हेच उताराचे आठवडे. माणसाला एकेक गोष्ट आठवायला लागते. कुणाला काय बोललो, किती पैसे उडवले, ऑफिसच्या ग्रुपवर काय लिहिलं. त्या लाजेच्या मागोमाग बऱ्याचदा नैराश्य येतं, आणि ते आवाज न करता येतं. चढलेला माणूस सगळ्या सोसायटीला दिसतो, खचलेला फक्त घरच्यांना दिसतो, तोही नीट पाहिलं तर.

४३. त्या दिवसांत हिशोब काढू नकोस. कर्ज किती झालं हे विचारायलाच हवं, पण महिनाभराने आणि डॉक्टर हो म्हणतील तेव्हा — चुकांची यादी त्यांच्याकडे तुझ्यापेक्षा लांब असते.

४४. ऑफिसला, शेजाऱ्यांना काय सांगायचं ते एकच वाक्य दोघांनी ठरवा आणि तेवढंच सांगा — रोज नवी सबब सांगायची तर दोघांनाही ती लक्षात ठेवावी लागते.

४५. जगण्यात अर्थ नाही, तुम्ही माझ्याशिवाय बरे राहाल, असं काही कानावर आलं तर सरळ विचार, ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही — उलट कुणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो. हो म्हणाले तर एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. आणि गोळ्यांचा साठा तुझ्याकडे ठेवून एका वेळी थोड्याच द्यायच्या.

४६. लोकांची लाज थोडी कमी कर. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या पुढाकाराने २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलरच्या दहापैकी जवळपास सात रुग्णांवर उपचारच चालू नव्हते — तुमचं घर उरलेल्या तिघांत आहे, ही लपवायची गोष्ट नाही.

४७. नणंदेच्या मुलासारखा एखादा अविवाहित असेल आणि ‘लग्न लावून द्या, ठीक होईल’ असं कुणी म्हणालं, तर तिथे तू गप्प बसू नकोस. लग्न हा उपचार नाही, आणि आजार लपवून लावलेलं लग्न ही दोघांचीही फसवणूक आहे — सांगून लग्न केलेली जोडपी मी सुखाने नांदताना पाहिली आहेत, लपवलेलं उघडं पडल्यावर मात्र गोळी घ्यायलाही जागा राहत नाही.

४८. ‘आपल्या मुलाला होईल का?’ हे तू विचारलं नाहीस, पण मनात आहे ते मला कळलं. धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो, तरी आई-वडिलांपैकी एकाला आजार असला तरी बहुतेक मुलांना तो होत नाही — त्याला वेळेवर झोपायची सवय लाव, एवढं त्याच्या भल्याचंच आहे.

४९. आठवड्यातली एक दुपार तुझी. त्या दुपारी गोळ्या, झोप, डॉक्टर यातलं काही बोलायचं नाही, मैत्रिणीकडे जा, गाणं शिक, नुसती लोळ — दमलेल्या माणसाला पहिली खूण दिसत नाही. जवळपास काळजीवाहकांचा गट असेल तर एकदा जाऊन बस. तिथे सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागत नाही.

५०. जावईबापूंना नवरा राहू दे, त्यांचा रुग्ण करू नकोस. भाजी त्यांना आणू दे, मुलाचा अभ्यास घेऊ दे, घरातले निर्णय विचार, भांडायचं असेल तिथे भांडही — बरा झालेला माणूस घरात उपयोगी पडला की गोळी घेण्याचं कारण त्याला रोज दिसतं.

पुढच्या गुरुवारी रक्त द्यायचं आहे ना? बुधवारी रात्री नऊला गोळी, गुरुवारी सकाळी नऊला रक्त, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. रिपोर्ट आला की आकडा मला कळव. शनिवारी सकाळच्या गाडीने मी आणि काका येतो आहोत. काकांना जावईबापूंशी बोलायचं आहे, त्यांच्या त्यांच्यात. तेवढा वेळ आपण दोघी खाली चक्कर मारून येऊ.

तुझी मावशी